नेसरीच्या मोटरची तिसरी फेज

दसऱ्याचा दुसरा दिवस, सकाळचे अकरा. उचगावच्या आमच्या रिवाइंडिंग वर्कशॉपमध्ये मी एका मोटरचं टेस्टिंग करत होते. मोटर नेसरीकडच्या पाणी योजनेची. ती जळाल्यापासून गावाला नळ नाही. न्यायला टेम्पो दारात उभा.

मोटरच्या आत तांब्याच्या तारेची तीन वेटोळी असतात, म्हणजे वाइंडिंगच्या तीन फेज. तिन्हींचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सारखा यावा लागतो. तो मी ब्रिजवर मोजते. ब्रिज हा पेटीतला तराजूच. एका बाजूला मोटरची तार, दुसऱ्या बाजूला आधीच माहीत असलेला रेझिस्टन्स. चकत्या फिरवून दोन्ही बाजू जुळवायच्या. काटा मध्यावर थांबला की आकडा वाचायचा.

दोन फेज १.२१ ओहम. तिसरी १.३६.

"गेली," मालक मगदूम म्हणाले. "मामा, कापा वाइंडिंग."

तानाजीमामा आमचे वाइंडर. तीस वर्षं हातानं कॉइल भरतात. "तीन दिस पाठ मोडून भरलीय. एकेक वेढा मोजलाय. कापायची न्हाय."

"मग काय ब्रिज खोटं बोलतोय?"

"त्यो कशाला खोटं बोलंल?"

योजनेचा पंपवाला मध्ये पडला. "मॅडम, पास करा की. चालंल तवर चालंल. बायका घागरी घिऊन माझ्या दारात बसत्यात."

"परत जळाली की माझ्या दारात बसतील," मी म्हटलं आणि तारा सोडवून पुन्हा मोजलं. आता पहिली फेज १.३४ आणि तिसरी एकदम शहाणी.

दहा मिनिटांत दोष एका फेजमधून दुसरीत चालत जात नाही. मोटर सोडून मी ब्रिजच्याच दोन टर्मिनलना, म्हणजे तारा जोडायच्या स्क्रूंना, जाड तांब्याची पट्टी जोडली. तिच्यात अडथळा जवळपास नसतोच, म्हणून आकडा शून्याच्या आसपास यायला हवा होता. आला ०.१५.

टर्मिनलचे स्क्रू खोलले. आत हळद, कुंकू आणि खोबरेल तेल. आट्यांपर्यंत. तार कधी नीट टेकायची, कधी नाही, म्हणून आकडा भटकत होता.

"कुणी केलं हे?"

मगदूम छताकडे बघू लागले.

"खंडेपूजा न्हवती का बाई परवा?" मामा म्हणाले. "सगळ्या हत्यारांस्नी बोट लावलं. ह्येला जरा ज्यादा."

"ह्यालाच का?"

"माझी मोटर पास-नापास ह्योच करतोय न्हवं!"

मी टर्मिनल घासायला बसले. पेट्रोल, जुना टूथब्रश, बारीक पॉलिश पेपर. पाऊण तास गेला. तेवढ्यात टेम्पोवाल्यानं तीनदा हॉर्न मारला. मग मोजलं: १.२०, १.२०, १.२०. मामा ब्रिजला हात जोडायला पुढे झाले. "लांबूनच," मी म्हटलं. मोटर गेली.

सुट्टीनंतर पहिल्यांदा मापाचं यंत्र तपासायचं, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. मी तपासलं नव्हतं, आणि माणसाची तीन दिवसांची मेहनत कापायची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्याआल्या ब्रिजला पट्टी लावून बघितली. मग पेटीच्या झाकणावर मार्करनं रुपयाएवढं वर्तुळ काढलं आणि मामांना बोलावून सांगितलं, "पुढच्या वर्षी बोट इथं. फक्त इथं."