तिकडे आपलं कोणी नाही

पासष्टच्या लढाईत पनवेलच्या एस.टी. स्टँडाजवळ सगळ्यात मोठा जयजयकार कुणाचा, तर नियाज सायकलवाल्याचा. दुकानाच्या फळीवर त्याने आपल्या हाताने तिरंगा रंगवला होता. रेडिओवर बातम्या लागल्या की पंक्चर अर्धवट टाकून उठायचा, घोषणा द्यायचा आणि कुणी ऐकलं की नाही ते हळूच बघायचा. देश त्याचाच होता, तो काही खोटं ओरडत नव्हता. पण शेजारच्या भजीवाल्याला कधी ओरडून दाखवावं लागलं नव्हतं.

लढाई थांबली, बंद पडलेलं टपाल सुरू झालं. एका सकाळी दिनानाथ पोस्टमन दुकानात पाकीट घेऊन आले. वर कराचीचा शिक्का. मिठागरावरचा शिवा चाकात हवा भरून घेत होता. त्याने सहज विचारलं, "तुजी बईन तिकडं हाय ना रं?"

शिवाच्या मनात काही नव्हतं. पण बाकावरच्या चार माना नियाजकडे वळल्या.

"तिकडे आपलं कोणी नाही," तो मोठ्याने म्हणाला. "परत पाठवा, काका."

थोरल्या बहिणीने, बिल्कीसने, त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. ती लग्न होऊन गेली तेव्हा कराची म्हणजे नुसतं सासर होतं, परदेश नव्हता. दिनानाथांनी पाकीट पिशवीत टाकलं.

दुपारी नियाज जेवायला घरी आला, तर ओटीवर दिनानाथ चष्मा लावून बसलेले. समोर अम्मा, डोळ्यांना पदर लावून.

"पत्र अम्मांच्या नावाचं होतं, म्हणून इथे आणलं," एवढंच ते म्हणाले. सकाळचं त्यांनी अम्माला सांगितलं नव्हतं. त्यानेच नियाजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बिल्कीस पनवेलच्या शाळेत चार यत्ता शिकलेली, पत्र मराठीतच लिहायची. दिनानाथ पुढे वाचू लागले:

"लढाईत इथल्या बायका मला हिंदुस्थानची म्हणून टोचत. विचारत, तिकडे तुझं कोण आहे? मी सांगायची, माझा भाऊ आहे. पनवेलला. त्याचं सायकलचं दुकान आहे."

"ऐकलंस?" अम्माचा चेहरा फुलला होता. "आत्ताच जवाब लिही."

नियाज कागद घेऊन बसला. 'प्यारी आपा' लिहिलं आणि हात अडला. दिनानाथांकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

"काय लिहू, अम्मा?"

"लिही, इथे आम्ही सगळे तुझेच आहोत."

मान खाली घालून त्याने ते लिहिलं. सकाळी तो काय बोलला होता, हे त्या ओटीवर दोघांनाच ठाऊक होतं.