बॅकअप आहे

औद्योगिक संस्कृतीचा सूर्य मावळतो आहे, असं पॉडकास्टमधले विद्वान माझ्या कानात सांगत होते. स्वस्त इंधनावर पसरलेली शहरं आता आक्रसणार. वीज गेल्यामुळे मी दळण घेऊन जिना चढत होतो. सातव्या मजल्यावर, बाराव्या मजल्यावरच्या जोशीकाकू गुडघा धरून बसल्या होत्या.

"काय ऐकतोस रे?"

"शहरांचं भवितव्य."

"लिफ्ट कधी येणार, ते सांगतायत का?"

"नाही."

"पण आपल्याकडे बॅकअप आहे ना?"

"आहे, काकू. डिझेल नाही."

भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. अंत असा एकेका मजल्याने येत असेल, तर त्याची सवयच होत असावी. मी हात दिला, काकू उठल्या. तेवढ्यात कानात जाहिरात लागली. आमच्याच गृहसंकुलाचा दुसरा टप्पा येतो आहे, बावीस मजल्यांचा.