शंभरावरून पुन्हा शून्य

मनावरचं ओझं उतरलं की मला लिहावंसं वाटतं. घाबरलेली असताना हातून अक्षर उमटत नाही. आज मंगळवार, आज बरं वाटतंय, म्हणून बसले आहे.

इथे अमेरिकेत, कॅरी गावात मुलाकडे राहायला आले त्यानंतर माझं ऐकणं फारच कमी झालं. मग मुलानं दोन्ही कानांना मशिनं घेऊन दिली. शेंगदाण्याएवढी आहेत. घातली की फ्रीजची घरघरसुद्धा ऐकू येते. काढली की सगळं घर गोधडीखाली गेल्यासारखं होतं.

नात चार महिन्यांची आहे. सुनेची सुट्टी संपली आणि काल तिनं काम पुन्हा सुरू केलं. पहिला दिवस घरून, आजपासून ऑफिसात. बाळाला मी सांभाळायचं असं बोलणं झालं होतं, पण पक्कं नव्हतं. दोघं जाऊन एक डे-केअर बघून आली होती. माझ्यासमोर कुणी विषय काढला नाही, तरी मला कळत होतं. मशीन काढलं की जिला दारावरची बेल ऐकू येत नाही, तिच्या भरवशावर तान्हं पोर कसं ठेवायचं? त्यांच्या जागी मी असते तर मीही हाच विचार केला असता. पण मला ते हवं होतं. इथे आल्यापासून मी कुणाकडे काही मागितलेलं नाही, आणि हेही तोंडानं मागितलं नव्हतं.

काल सकाळी मुलगा निघता निघता म्हणाला, "आई, तुझ्या मशिनांना अपडेट आलंय. तुझ्या फोनवर सारखं दाखवतंय. करून टाकू?"

"म्हणजे काय होईल?"

"आवाज आणखी क्लिअर येईल. दोन्ही मशिनं डबीत ठेव, फोन शेजारी. हा गोल भरत जाईल आणि आतला आकडा वाढेल. शंभर झाला की घाल कानात. तोवर हात लावू नकोस हं, मध्येच तुटलं तर मशीन बंद पडायचं."

"बाळ उठलं तर?"

"आत्ता तर झोपलीय. तोवर होऊन जाईल गं."

मी मशिनं काढली, त्यानं फोनवर काहीतरी दाबलं आणि तो गाडीकडे पळाला. बायकोला सांगायचं तो विसरला. ती खालच्या खोलीत काचेचं दार लावून, कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होती. मला सांगायला जाता आलं असतं. पण पहिल्याच दिवशी तिच्या मीटिंगमध्ये दार वाजवायचं कसं? माझं पाऊलच उचलेना.

मग मी डबी आणि फोन एका ताटात ठेवले, ताट न हलवता जिना चढले आणि बाळाच्या खोलीत पाळण्याला टेकून खाली बसले. ऐकू येत नाही तर निदान बघता तरी यावं.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत, पण आकडे फोन आणि मायक्रोवेव्हवरून शिकले आहे. एक डोळा त्या आकड्यावर आणि एक बाळाच्या पोटावर ठेवून बसले. पोट वरखाली होत होतं. आकडाही वाढत होता. साठाच्या आसपास तो थांबला. बराच वेळ हलेचना. काम चालू आहे की बंद पडलंय, काही कळायला मार्ग नाही. मी श्वास हळू घ्यायला लागले, जणू माझ्या श्वासानंच काही तुटणार होतं. मग एकदम पुढे सरकला. नव्वद, पंच्याण्णव, शंभर. हुश्श केलं आणि डबीकडे हात नेला. माझं बोट लागायच्या आत गोल रिकामा झाला. आत शून्य.

बिघडलं, हेच पहिलं मनात आलं. संध्याकाळी काय होईल तेही दिसलं. मुलगा म्हणेल, "असू दे आई." सून काहीच बोलणार नाही आणि डे-केअरला फोन लावील. त्या "असू दे"चीच मला जास्त भीती वाटली.

आकडा पुन्हा एकापासून चढायला लागला, आणि तेवढ्यात बाळ जागं झालं. तोंड उघडं, चेहरा लाल, आवाज काही नाही. मी तिला उचलून छातीशी धरलं. रडणं कानांना नाही, पण छातीला कळतं, आतून धक्के बसल्यासारखं. मी गाणं म्हणायला लागले. हळूहळू धक्के कमी झाले. आणि दार उघडून सून आत आली.

तिचे ओठ हलत होते. मी कानांकडे बोट दाखवलं आणि फोन पुढे केला. तिनं बघितलं, कपाळाला आठी घातली, मग हसायला लागली. तिनं माझ्या उजव्या कानाला हात लावला आणि अंगठा वर केला. मग डाव्या कानाला हात लावून त्या गोलाकडे बोट केलं. उजव्याचं झालं होतं. आता डाव्याचं चाललं होतं. बिघडलं काहीच नव्हतं.

मी खाली बसले, तीही शेजारी बसली, आणि तिघी मिळून त्या गोलाकडे बघत राहिलो. या वेळी शंभर झाल्यावर बरोबरची हिरवी खूण आली. सुनेनंच मशिनं माझ्या कानांत घातली. पहिल्यांदा ऐकू आली बाळाची उचकी.

"आई, केवढ्यानं गात होतात! माझ्या मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकू आलं."

"अगं बाई! काय म्हणाले सगळे?"

"मॅनेजर म्हणाला, मीटिंगपेक्षा हे बरं आहे." मग तिनं फोन डोळ्यांजवळ धरला. "कोणी बनवलंय हे, यार! उजवा-डावा लिहिलंय, पण इतकं बारीक की मलाच दिसत नाही. आमच्या टीममध्ये मी असं केलं असतं तर ओरडा खाल्ला असता."

"तुझ्या कामातही असा गोल असतो?"

"असतो ना. लोक थांबायला तयार असतात हो. फक्त काम चालू आहे आणि अजून किती उरलंय, एवढं नीट दिसायला हवं."

"मग तुम्ही कुठला कान चाललाय ते मोठ्या अक्षरात लिहिता?"

"आमच्याकडे कान नसतात आई, फाइली असतात!" ती इतकी हसली की बाळही तिच्याकडे बघायला लागलं.

मग ती म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नाहीये हे कळलं तेव्हा मी घाबरले, खरं सांगते. पण ऐकू येत नाही म्हणूनच तुम्ही तिच्यापाशी येऊन बसलात ना?"

मी मान हलवली.

"पुढच्या वेळी आधी मला सांगायचं. मीटिंग असो, काही असो, दार वाजवायचं. हे कबूल असेल तर डे-केअरला नाही म्हणून कळवते."

"कबूल," मी म्हणाले. मशिनं खरंच चांगली झाली असावीत, कारण माझाच आवाज मला मोठा वाटला.

आज सकाळी ती ऑफिसला गेली. गॅरेजचं दार करकरत खाली आलं, ते मला वरच्या खोलीत ऐकू आलं. बाळ काही उठलं नाही.