जागेवर रस्ता आढळला नाही

हे चार शब्द माझे आहेत. एका खेड्याच्या शिवारात, बांधावर उभी राहून, फोनवर अंगठ्यानं लिहिलेले. कुणी लिहायला लावले नव्हते. गावाचं आणि तालुक्याचं नाव इथं देत नाही. ज्यांच्यासाठी द्यायचं, त्या अक्कांना आता त्याचा काही उपयोग नाही.

आमचा नकाशा कुणाच्या मालकीचा नाही. फोन असलेल्या कुणीही त्यात भर घालावी, चूक दिसली तर खोडावी, आणि खोडताना खाली कारण लिहावं, एवढाच करार. जळगावात आम्ही सात-आठ जण हे बिनपगारी काम करायचो. रविवारी सकाळी मेहरूणच्या तलावाकाठी एका टपरीवर बसायचं आणि चहा गार होईस्तोवर भांडायचं. बारा घरं म्हणजे वस्ती की वाडी? डांबर उडून खडी वर आलेल्या रस्त्याला डांबरी म्हणायचं की कच्चा? नकाशावरच्या प्रत्येक रेघेला तिचा प्रकार सांगणारी एक चिठ्ठी लावावी लागते. तिला आम्ही टॅग म्हणतो. त्या टॅगवरून आमच्यात अबोले झालेत.

सगळ्यात जास्त भांडायची मी. मी मूळची धुळ्याकडची. ज्या रस्त्यानं चिखल तुडवत शाळेत गेले, तो कागदावर डांबरी होता. फाट्यावर काम पूर्ण झाल्याची पाटी होती, पाटीखाली गुडघाभर पाणी होतं. त्या रस्त्यावर मी माझं पहिलं पत्रक काढलं, हातानं लिहून झेरॉक्स मारून वाटलं. काही झालं नाही. पुढं हा नकाशा हाती आला, तेव्हा त्या रस्त्याचा टॅग बदलून मी ‘कच्चा’ केला आणि त्या दिवशी मला जे बरं वाटलं ते कुठल्याच मोर्चात वाटलं नव्हतं. निदान एका ठिकाणी तरी खरं लिहिलं गेलं. तेव्हापासून माझं एकच म्हणणं: जमिनीवर आहे तेच नकाशावर. कागदावरचे रस्ते शोधायचे आणि खोडायचे. किती खोडले याचा मला अभिमान होता.

आमच्यात अमळनेरचे एक मोटार मिस्त्री होते. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी उतरवून दुरुस्त करायच्या, हा त्यांचा धंदा. आम्ही त्यांना मिस्त्रीभाई म्हणायचो. फोन चालू करून खिशात टाकायचा आणि मोटरसायकलवर किंवा गिऱ्हाइकाच्या बैलगाडीत बसून विहिरीपर्यंत जायचं, एवढ्यानं त्यांची रेघ तयार व्हायची. त्यांच्या रेघा वाकड्यातिकड्या असत, पण त्या शिवारात आमच्यातलं दुसरं कुणी गेलेलंच नसायचं.

त्यांची एक रेघ मला खटकली. गावरस्त्यापासून निघून एका मोठ्या वावरातून तिरकी जात मागच्या वावरातल्या विहिरीवर संपत होती. टॅग ‘गाडीवाट’. उपग्रहाच्या चित्रात मात्र त्या जागी सलग हिरवं पीक. मी एसटीनं गेले. गणपती नुकते उठले होते. समोर छातीपर्यंत कपाशी, बांधापासून बांधापर्यंत. वाट नाही. पुरावा हवा म्हणून फोटो काढला. तेवढ्यात बांधावरून डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एक अक्का आल्या.

“काय दखी ऱ्हायनी व माय?”

“अक्का, या वावरातून रस्ता आहे का?”

“शे ना. पन आते त्यानावर कपाशी शे.”

मला हसू आलं. अक्काही हसल्या. त्यांनी भारा खाली टाकला, ओच्यातून मुगाच्या ओल्या शेंगा काढून माझ्या ओंजळीत घातल्या आणि मागच्या वावराकडं हात करून म्हणाल्या, ते माझं. शेंगा खात खात मी रेघ खोडली. कारणाच्या जागी लिहिलं, ‘जागेवर रस्ता आढळला नाही.’ खाली फोटो जोडला. अक्कांनी पूर्ण उत्तर दिलं होतं. मी ते गंमत म्हणून ऐकलं.

पुढच्या रविवारी मिस्त्रीभाईंनी टपरीवर बसायच्या आधीच विचारलं, “ताई, माझा रस्ता खाल्लात?”

“नव्हताच तिथं.”

“मग मोटार काय मी पतंगाला बांधून नेली? बैलगाडीत घातली होती. कप्पी, पाइप, तीन माणसं.”

“कधी?”

“चैत्रात.”

“मग आता कुठं गेला?”

“कपाशीखाली. पऱ्हाटी उपटली की वर येतो.”

“रस्ता काय पीक आहे, भाई, उगवायला?”

टपरीवाल्यासकट सगळे हसले. मिस्त्रीभाईही हसले, पण लवकर थांबले. मग त्यांनी रीत सांगितली. पुढचं वावर ज्यांचं, त्या आबांनी आणि अक्कांच्या सासऱ्यांनी ठरवलेली. पेरणी झाली की आबा वाटेवरही पेरणार, कारण तेवढी जमीन का पडू द्यायची. तेवढे महिने अक्कांकडच्यांनी बांधावरून पायी जायचं. कपाशी वेचून पऱ्हाटी, म्हणजे तिची वाळली झाडं, निघाली की त्याच जुन्या तिरक्या वाटेनं त्यांची गाडी जाणार, शेणखत आत आणि ज्वारी बाहेर. कागद कुणी केला नव्हता.

आमच्यातले सर, भूगोलाचे निवृत्त मास्तर, म्हणाले, “हंगामी असा टॅग लावता येईल.”

“पुरावा काय?” मी विचारलं.

“अक्काला विचारा,” मिस्त्रीभाई म्हणाले.

“कुणाच्या सांगण्यावर लिहायला लागलो तर उद्या ठेकेदारही सांगेल, रस्ता केला होता, पावसात वाहून गेला. लिहायचं त्याचंही?”

सरांनी हंगामीचा विषय सोडला. मला वाटलं, जिंकले. ठेकेदार आणि गवताचा भारा वाहणारी बाई यांना मी एका ओळीत उभं केलं होतं, हे तेव्हा मला दिसलं नाही. मिस्त्रीभाई अर्धा चहा ठेवून निघून गेले. रेघ खोडलेलीच राहिली.

त्या थंडीत आबा वारले. मुलगा शहरातून आला. त्यानं कपाशी काढून लिंबाची रोपं लावली आणि चारी बाजूंनी तारेचं कुंपण घातलं. बांधही तारेच्या आत गेला. अक्का त्याच्या दारात गेल्या. तो म्हणाला, रस्त्याचा कागद दाखवा. मग अक्कांनी तालुक्याच्या कचेरीत अर्ज केला: पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे, वाट खुली करून द्या.

एका दुपारी मिस्त्रीभाईंचा फोन आला. “ताई, तुमचं नाव कचेरीत वाचलं गेलं.”

आबांच्या मुलाच्या वकिलानं आमचा नकाशा छापून हजर केला होता. रेघ खोडल्याची नोंद, माझे चार शब्द, मी काढलेला फोटो. तटस्थ माणसानं, वादाच्या आधीच, स्वतः जाऊन पाहिलंय म्हणे.

पुढच्या तारखेला मी गेले. बाकावर अक्का बसल्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. “तूच ना व ती? मूगन्या शेंगा खायेल?” त्यांना वाटलं, मी त्यांच्या बाजूनं सांगायला आलेय. मलाही तसंच वाटत होतं.

साहेबांनी विचारलं, “हे तुम्ही लिहिलंय?”

“हो.”

“जागेवर गेला होता?”

“हो.”

“रस्ता दिसला?”

आयुष्यभर मी खोटं लिहिणाऱ्यांवर ओरडत आलेय. मी म्हणाले, “नाही.” आणि लगेच म्हणाले, “पण साहेब, तेव्हा वर कपाशी उभी होती. पऱ्हाटी निघाली की तिथं रस्ता असतो.”

“रस्त्यावर कपाशी उगवते का, मॅडम?” वकील म्हणाला.

कचेरी हसली. टपरीवरचं हसू जसंच्या तसं. फक्त या वेळी मी हसत नव्हते.

वहिवाट सिद्ध होत नाही म्हणून अर्ज फेटाळला गेला. त्या रात्रीच मी पत्रक लिहायला घेतलं. मुलगा, वकील, कचेरी, कुणाला सोडलं नाही. रविवारी ते मिस्त्रीभाईंच्या हातात दिलं. त्यांनी सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचलं, घडी घालून परत दिलं.

“चांगलंय. एक नाव राहिलं यात, ताई.”

पत्रक मी वाटलं नाही.

वरच्या कचेरीत दाद मागायची म्हणून सरांच्या घरी मी, सर आणि मिस्त्रीभाई कागद जुळवत बसलो. फोटोही लागणार होता. सरांनी तो संगणकाच्या पडद्यावर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहिला. मग पडद्यावर पेन टेकवलं.

“ही कपाशी इथं खुजी का आहे?”

छातीएवढ्या कपाशीच्या मधून गुडघ्याएवढ्या झाडांचा एक पट्टा तिरका गेला होता. बैलगाडीच्या रुंदीचा. गावरस्त्याकडून मागच्या विहिरीकडं. मिस्त्रीभाईंची रेघ जिथून गेली होती तिथूनच.

“चाकं,” मिस्त्रीभाई म्हणाले. “एवढ्या वर्षांची दाबलेली जमीन. नांगर वरवर फिरतो. मुळी खाली जात नाही.”

कपाशीतही रस्ता होता. मी त्याच्यासमोर उभी होते. त्याचा फोटो काढला होता. रस्ता नाही याचा पुरावा म्हणून मी रस्ताच जोडला होता, आणि कचेरीत तो सगळ्यांच्या हातांतून फिरला होता.

दुसऱ्या दिवशी फोटोची मोठी प्रत काढून मी एसटीनं अक्कांकडं गेले. वाटेत काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. आता जिंकतो, अक्का. अक्का ओसरीवर तूर पाखडत होत्या. मी फोटो पुढं केला आणि धाप लागल्यासारखी बोलत सुटले. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि मी थांबेपर्यंत ऐकून घेतलं.

“दी टाकं व माय,” त्या म्हणाल्या. “वावर दी टाकं.”

मागल्या आठवड्यातच खरेदीखत झालं होतं. घेतलं आबांच्या मुलानं.

“त्यालाच का, अक्का?”

“बिगर वाटनं वावर दुसरं कोन लेई?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं, रागाशी कसं बोलायचं ते मला येतं. त्यांनी फोटो उजेडाकडं धरला. खुज्या कपाशीकडं त्यांचं लक्षच नव्हतं. ती वाट त्यांना फोटोत शोधायची गरज काय? त्यांनी कडेला, बांधावर बोट ठेवलं. तिथं गवताचा भारा होता, भाऱ्याखाली लुगडं.

“हाई मी शे का?”

“हो, अक्का. तुम्हीच.”

“मन्हा वावरमा मन्हा फोटू कोनी काढेल नही कधी.” मग तो मांडीवर ठेवत, “माले ऱ्हाऊ दे हाऊ.”

दाद मागायला आणलेला फोटो मी त्यांना देऊन आले. निघताना त्यांनी शेंगा दिल्या नाहीत. द्यायला त्यांच्याकडं वावर नव्हतं.

त्या रविवारी टपरीवर मी स्वतःच विषय काढला. रेघ परत घालूया, टॅग हंगामी, पुरावा फोटोतली कपाशी. सर मान डोलवत होते. मिस्त्रीभाई ग्लासाकडं बघत होते.

“कुठं घालता, ताई? तार आहे तिथं. लिंबं लावलीत. येत्या चैत्रात वर यायचा नाही तो.”

“पण होता, भाई.”

“होता,” ते म्हणाले. “तुमचा नियम काय? जमिनीवर आहे तेच.”

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नाही. टोमणा असता तर मी भांडले असते.

नोंद अजून तिथंच आहे, खाली माझं नाव आहे. मी लिहिली तेव्हा ती खोटी होती. आता कुणीही जाऊन बघावं, ती खरी आहे.