शिंदेकाकूंच्या खिडकीतली गुळवेल

सोसायटीच्या भिंतीवर तारा ताणून मी गुळवेल चढवली. आणि ती चढली म्हणजे काय चढली! चहाचं आधण ठेवून गॅलरीत यावं, तर तेवढ्यात बाईसाहेबांनी एक मजला मागे टाकलेला. शेवटी लिफ्ट लाजून बंद पडली.

तिसऱ्या मजल्यावर मात्र ती शिंदेकाकूंच्या खिडकीत शिरली. गुडघे गेल्यापासून काकू खाली उतरलेल्या नाहीत. आमचे सेक्रेटरी जोशी कात्री घेऊन वर गेले, त्यांच्यामागे मी.

"काकू, उजेड अडतोय. कापून टाकतो."

"खबरदार!" गजाला बिलगलेल्या कोवळ्या शेंड्यावर काकूंनी हात ठेवला. "तुम्ही वर्षातून एकदा येता, तेही सहीपुरते. ही रोज येते."

भिंत हिरवी करायची ती रस्त्यावरून छान दिसावी म्हणून, एवढंच माझ्या डोक्यात होतं. भिंतीच्या आतून कुणी तिची वाट बघत असेल, हे मला सुचलंच नव्हतं. ज्यांना मातीपर्यंत जाता येत नाही, त्यांच्याकडे माती अशी चढून येत असावी.

"उभे का? बसा की," काकू म्हणाल्या.

जोशी बसले, आणि कात्री त्यांनी हळूच खुर्चीखाली सरकवली.