मराठी मेस खाली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण शेवटी आम्ही रस्त्यावर येतो. आणि आणणारी दुसरी कुणी नाही, मीच. चहा घ्या ना, गार होतोय.

तर मी मनाली. वय सतरा. शिक्षण… सोडा ना यार! दहावीत दोनदा नापास झाले, आता ओपन स्कूलला आहे. म्हणजे घरीच आहे. जन्म दिल्लीतला, त्यामुळे माझी मराठी घरापुरती, हिंदी रस्त्यापुरती आणि इंग्रजी मोबाइलपुरती.

काम एकच, लोकांना उल्लू बनवणं. गल्लीतल्या कोचिंगच्या दारावर मी एकदा ‘आज क्लास गच्चीवर’ असा कागद चिकटवला होता. साठ पोरं भर मे महिन्यात उन्हात जाऊन बसली. बोला! सरसुद्धा बसले.

आई पटेल नगरात मेस चालवते. चालवायची. बाबा गेल्यावर सुरू केली, सात वर्षं झाली. तळमजल्यावर पुढे सहा टेबलं, मागे स्वयंपाकघर, आणि आम्ही दोघी चौथ्या मजल्यावर, गच्चीतल्या एका खोलीत. दिल्लीत तिला बरसाती म्हणतात. आमची आतूनपण बरसायची.

गिऱ्हाईक म्हणजे यूपीएससीची पोरं. लातूर, बीड, परभणी, अकोला. उद्याचे कलेक्टर हो! आज मात्र, “काकू, अजून एक भाकरी.” ठेचा बघून डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. काहींच्या खाल्ल्यावर, काहींच्या खायच्या आधीच.

आता गोची अशी की मेस सुरुवातीला वरच्या खोलीतच होती. जुनी पोरं नव्यांना तोच पत्ता द्यायची. मग नवीन पोरगा चार मजले चढून, धापा टाकत दारात उभा. “काकू… ताट…?”

“मने, एक पाटी लिहून टाक बाई,” आई म्हणाली. “परीक्षेआधीच जिन्यात मरायचा एखादा.”

लिहिली. जुन्या फ्लेक्सची पाठ घेतली, लाल रंग घेतला, आणि चांगली हातभर अक्षरं काढली. ‘मराठी मेस खाली’. त्याच्याखाली आईचा नंबर. फोन माझ्याकडेच असतो, कारण आईचे हात कायम पिठात. पाटी गच्चीच्या कठड्याला बाहेरून बांधली. रस्त्यावरूनच दिसू दे ना, चढायलाच नको!

आईनं खाली उभं राहून मान वर करून वाचली. “छान आहे गं,” म्हणाली. सात वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या अक्षराला छान म्हटलं, बरं का.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला फोन.

“मैडम, वो मराठी मेस… खाली है?”

पोरं जेवून गेली होती. सगळी टेबलं रिकामी. मी म्हटलं, “हाँ जी, बिल्कुल खाली है.”

“कब से?”

“दो बजे से.”

“वाह! एकदम ताज़ा! मैडम, मेरे पास एक पार्टी है.”

पार्टी! आमच्या मेसमध्ये आजपर्यंत कुणी पार्टी दिली नव्हती. मी लगेच मॅनेजरच्या आवाजात, “कितने लोग हैं?”

“चार भाई हैं जी. बहुत शरीफ लोग.”

“वेज या नॉनवेज?”

“प्योर वेज! प्याज-लहसुन तक नहीं खाते.”

“एडवांस देना पड़ेगा.”

“अरे, एडवांस तो आज ही दिलवा दूँगा. चार बजे ले आऊँ देखने?”

फोन ठेवला आणि विचार केला. चार भाऊ. कांदा नाही, लसूण नाही. एवढी घाई. कसली पार्टी असेल ही? आणि डोक्यात एकदम ट्यूब पेटली.

“आई! तेराव्याची ऑर्डर आलीये!”

“हळू बोल कार्टे. कोण गेलं?”

“ते नाही विचारलं. चार भाऊ आहेत, म्हणजे वडीलच गेले असणार.”

“अरेरे,” आई म्हणाली, आणि फिकट रंगाची साडी नेसायला वर गेली.

चारला तो फोनवाला आला. बंटी त्याचं नाव, दोन बोटांत अंगठ्या, कानात फोन. बरोबर चारातले दोन भाऊ. मी लांब तोंड करून उभी. आई पुढे झाली. आईची हिंदी म्हणजे मराठीलाच मागून ‘है’ लावलेलं, पण भाव पक्का.

“सुनके बहुत बुरा लगा जी.”

मोठा भाऊ गोंधळला. “क्या बुरा लगा, बहनजी?”

“जाने का.”

“अच्छा, हाँ जी.” तो एकदम गंभीर. “इतने साल का साथ. जाने का दुख तो होता ही है.”

“जानेवाले को कौन रोकेगा.”

“आप बड़ी हिम्मतवाली हो, बहनजी.”

“हिम्मत आप रखो. सब जिम्मेदारी अब आप पे.”

“वो तो है जी. लोन लिया है.”

आई माझ्याकडे वळून मराठीत पुटपुटली, “बघ गं, तेराव्यासाठी कर्ज काढलंय बिचाऱ्यांनी.” आणि मग त्यांना मोठ्यानं, “हम कम में कर देंगे!”

बंटीच्या कानातला फोन खाली पडायचा राहिला. “कम में?” दोघे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. मग धाकट्यानं खिशातून मेजरिंग टेप काढला आणि भिंत मोजायला लागला. “भइया, तंदूर यहाँ लगेगा. काउंटर यहाँ.”

“तेराव्याला तंदूर?” आई माझ्या कानात.

“पंजाबी आहेत. असेल त्यांच्यात.”

“चहा तरी टाकते,” आई म्हणाली. “सकाळपासून पोटात काही नसेल त्यांच्या.” आणि मागे गेली.

कोपऱ्यातल्या टेबलावर इरफानदादा जेवत होता. उदगीरचा. चौथा अटेम्प्ट, त्यामुळे तो हल्ली उशिरा जेवतो, कुणी ‘कसा चाललाय अभ्यास’ विचारू नये म्हणून. त्यानं मला बोटानं बोलावलं.

“मने, गच्चीवर काय लिहून टांगलंयस?”

“मराठी मेस खाली.”

“हिंदीत वाच.”

“तेच ना. मराठी… मेस…” आणि माझा जबडा तसाच राहिला.

“रिकामी,” दादा शांतपणे वरण कालवत म्हणाला. “आख्ख्या पटेल नगराला तू सांगितलंस की मेसची जागा भाड्यानं द्यायचीये. हा प्रॉपर्टी डीलर आहे. पार्टी म्हणजे भाडेकरू. तेरावं कुणाचं नाही. झालं तर तुमचंच होईल.”

आता तुम्ही म्हणाल, दिल्लीत जन्मलेली पोरगी आणि तुला खाली कळत नाही? अहो, कळतं ना! दिवसातून पन्नास वेळा मी रिक्षावाल्याला विचारते, भैया, खाली हो? पण माझ्या डोक्यात मराठीची एक खोली आणि हिंदीची एक खोली, मधलं दार बंद. पाटी मी मराठीच्या खोलीत बसून लिहिली.

इथपर्यंत गफलत. इथपर्यंत माफ. हात जोडून ‘सॉरी भैया, गलती हो गई’ म्हटलं असतं तर तेही हसले असते, चहा पिऊन गेले असते, आणि तुम्ही आत्ता आमच्या मेसमध्ये पिठलं खात असता.

पण बंटीनं विचारलं, “बेटा, मकान मालिक का नंबर मिलेगा?”

मालक म्हणजे चोप्रा अंकल. राहतात द्वारकेला, दिल्लीतल्याच. महिन्यातून एकदा येणार, फुकट जेवणार, वर “नमक कम है” म्हणणार. बरसाती गळते म्हटलं की आभाळाकडे बोट दाखवणार, जसं काही भाडं तिकडेच जातं. माझ्या डोळ्यांसमोर चित्रच आलं. अंकल दुपारचे झोपलेत आणि दर पाच मिनिटांनी एक डीलर, “खाली है?”, “खाली है?” कसली मजा!

“नको गं,” दादा दातांतल्या दातांत म्हणाला. “ही गंमत नाहीये.”

“दादा, तू निबंध लिही,” मी म्हटलं. आणि नंबर दिला.

नुसता नंबर देऊन थांबेन ती मी कसली! मोठ्या भावानं विचारलं, “आप लोग कहाँ जा रहे हो?” तर मी म्हटलं, “गाँव. बहुत जमीन है हमारी.” अहो, गावात आमच्या नावावर चप्पल काढून ठेवायलासुद्धा जागा नाही.

आई चहा घेऊन आली. भाऊ चहा प्यायले, तिच्या पाया पडले. “बस आपका आशीर्वाद चाहिए, बहनजी.”

“ऊपरवाला शांति दे,” आई म्हणाली, आणि खरंच डोळे पुसले.

ते गेल्यावर मी गच्चीवर जाऊन पोट धरधरून हसले. लोळून हसले. हसता हसता पाटी सोडली आणि गुंडाळून टाकीमागे टाकली. वाटलं, संपलं.

सकाळी चोप्रा अंकल आले. लाडवांचा बॉक्स घेऊन! सात वर्षांत त्यांच्या हातात मी पहिल्यांदा काहीतरी बघितलं. मी जिन्यात होते.

“बहनजी, गाँव में इतनी जमीन है, कभी बताया नहीं!”

“जमीन?” आईचा आवाज. “किसकी?”

माझे पाय आपोआप वर चढायला लागले. चार मजले. मी टाकीमागे जाऊन बसले, त्या पाटीशेजारी. किती वेळ, माहीत नाही. पाण्याची मोटर दोनदा चालू झाली.

खाली आले तर अंकल गेले होते. बॉक्स तसाच बंद, दोऱ्यासकट. आई टेबलाशी बसली होती. दुपारच्या वेळी आईला बसलेलं मी कधी बघितलंच नव्हतं.

“महिनाअखेर जागा सोडायची,” ती म्हणाली. “दुप्पट भाडं देणारं कुणीतरी भेटलंय त्यांना. आचाऱ्यांसाठी वरची खोलीपण हवीये. जबान दिली म्हणाले.”

“आणि आपला कागद?” कोपऱ्यातल्या टेबलावरून इरफानदादानं विचारलं.

कागद कसला! अकरा महिन्यांचा करार केव्हाच संपलेला. पुढे सगळं तोंडी. आप तो घर के हो, असं अंकल म्हणायचे.

“मी हात जोडले,” आई म्हणाली. “तर म्हणाले, बहनजी, मुझे तो पता ही नहीं था ये जगह इतने की है.”

मी विचारलं, “कुणी… कुणी सांगितलं त्यांना?”

“लोक असतात,” आई म्हणाली आणि उठून कणीक मळायला गेली. दादानं माझ्याकडे बघितलं. बोलला असता तर बरं झालं असतं यार.

मी सांगणार होते. देवाशप्पथ. पहिल्या दिवशी सांगणार होते, पण आई जागा बघायला गेली. दुसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी माझं. मग सांगण्याऐवजी मी भांडी घासायला लागले. आधी मी ताटाला हात लावायचे तो फक्त जेवायला. आता न सांगता चाळीस ताटं, वाट्या, पेले, परात. “आई, तू बस, मी करते.” आई नुसती बघायची आणि म्हणायची, “हो का? मग तो कुकरपण घे.”

आणि जागा बघायला बरोबर जायचे. एक म्हणाला, खाना बनाने वालों को नहीं देते, दीवार काली होती है. दुसरा म्हणाला, स्टुडंट आएँगे? ना जी ना. तिसऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि मग आईच्या मागे बघत विचारलं, “आदमी कौन है घर में?”

“मैं हूँ,” मी म्हटलं.

तो हसला. आयुष्यात एवढे जोक मारले मी, पण कुणी असं हसावं, असं कधी वाटलं नव्हतं.

शेवटी दिल्लीच्या टोकाला, बुराडीत एक खोली मिळाली. एक शेगडी, दोघींपुरतं रांधायचं, बाहेरचं कुणी जेवायला येणार नाही, या अटीवर. म्हणजे खोली मिळाली, मेस गेली.

शेवटच्या दिवशी आईनं पिठलं, भाकरी, ठेचा आणि गोड म्हणून शिरा केला. पोरं नेहमीसारखी ओरडत नव्हती. कुणी “अजून एक” म्हटलं नाही. इरफानदादानं आपलं ताट उचलून स्वतः मोरीत ठेवलं आणि “येतो काकू” म्हणाला. कुठे येणार होता?

सगळे गेल्यावर मी मोठं पातेलं घासायला घेतलं. पन्नास माणसांचं पिठलं होतं त्यात. मी त्यात कमरेपर्यंत शिरले होते, आणि तिथूनच बोलले. बाहेर बघून बोलायची हिंमतच नव्हती.

“आई, अंकलचा नंबर मी दिला. गंमत म्हणून. जमिनीचं पण मीच सांगितलं.”

पातेल्यात आवाज घुमला. मीच सांगितलं, मीच सांगितलं.

मी डोकं काढलं. आई डबे बांधत होती.

“माहितीये,” ती म्हणाली. “चोप्रांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आपकी बेटी बड़ी होशियार है, म्हणाले.”

“पहिल्याच… आणि तू अकरा दिवस काही बोलली नाहीस?”

“सांगितलं असतं तर भांडी कुणी घासली असती?”

आणि ती हसली. खरंच हसली हो! पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. मीपण हसले. आयुष्यभर मी जगाला उल्लू बनवलं, आणि मला बनवलं कुणी, तर हिनं! आम्ही दोघी हसत होतो आणि मग आईचं लक्ष त्या सहा टेबलांकडे गेलं. आम्ही थांबलो. टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता.

“आटप,” ती म्हणाली. “बुडाला अजून काळं आहे.”

मी घासलं. राख लावून, नखं मोडेपर्यंत घासलं. मग दोघींनी उचलून टेम्पोत चढवलं, बुराडीला उतरवलं, आणि तेव्हा कळलं की ते खोलीच्या दारातून आत जातच नाही. आडवं नाही, उभं नाही, तिरकं नाही. त्यामुळे ते गल्लीत, नळाशेजारी पालथं असतं. आख्ख्या दिल्लीत तसं लख्ख पातेलं सापडायचं नाही तुम्हाला. येता-जाता लोक थांबतात आणि त्यात बघून केस विंचरतात.