पापड्यांवर उतरलेले शेत

आमच्या घरासमोरच्या रस्त्यापेक्षा नदी उंचावरून वाहते. पाहुण्यांना हे फोनवर सांगितले तर ते हसतात. गाडीतून उतरले की मात्र मान वर करून बांधाकडे पाहत राहतात, कारण एखादी होडी त्यांच्या डोक्यापेक्षा वरून शांतपणे सरकत असते. इंग्लंडच्या पूर्वेचा हा काळ्या, सखल मातीचा मुलूख. एके काळी इथे जमीन अशी नव्हतीच. लव्हाळे होते, वाम मासे होते, आणि पाण्यावर पोट भरणारी माणसे होती. मग पैसेवाल्यांनी हॉलंडहून पाणी काढणारे जाणकार आणले, पट्टीने आखल्यासारखे सरळ कालवे खोदले. ज्यांची मासेमारी बुडाली त्यांनी नवे बांध फोडले, आणि शेवटी तेच हरले. पाणी गेले तशी माती वाळली, वाळली तशी आक्रसली. प्रत्येक पिढीगणिक जमीन थोडी खाली गेली आणि नदी तेवढी वर राहिली. पाणी उपसायला आधी पवनचक्क्या होत्या, मग वाफेची यंत्रे आली, आता विजेचे पंप आहेत. ते थांबले तर नदी माझ्या स्वयंपाकघरात येईल. इथली सगळी माणसे हे जाणून निवांत झोपतात. मला ते कधी जमले नाही.

मी वाढले साखर कारखान्याच्या वसाहतीत. तिथे क्षितिजावर डोंगर होता आणि हंगामात हवेला मळीचा गोड, आंबूस वास असे. इथेही साखरच पिकते, पण बीटातून. हिवाळाभर बीटाने भरलेले ट्रक खिडक्यांची तावदाने थरथरवत जातात, आणि कारखान्याकडून वारा आला की उकडलेल्या रताळ्याचा, जरा करपलेल्या शेंगदाण्याचा वास घरभर पसरतो. साखरेचा वास असा नसतो, हे मी नवऱ्याला दर वर्षी सांगते आणि तो दर वर्षी मान डोलावतो. तो इथला डॉक्टर आहे. हा परगणा त्याला लोकांच्या पाठींवरून कळतो. बटाटे काढणाऱ्याची पाठ वेगळी, कोबी कापणाऱ्याचे मनगट वेगळे, आणि भाजी भरायच्या शेडच्या गारठ्यात लीकच्या, म्हणजे जाड कांद्याच्या पातीसारख्या भाजीच्या, जुड्या बांधणाऱ्या लिथुएनियन बायकांची बोटे वेगळी.

या एप्रिलमध्ये त्याला लंडनजवळच्या पिनरमधल्या एका दवाखान्याने भागीदार म्हणून बोलावले. माझ्या मैत्रिणी तिथे, मराठी मंडळींचे सण तिथे, ताजा कढीपत्ता चालत जाण्याच्या अंतरावर. कितीतरी वर्षे मी याचसाठी त्याच्या मागे लागले होते.

"सोमवारी कळवायचंय," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं."

"म्हणजे चुकलं तर खापर माझ्यावर."

"मागणी कोणाची होती?"

जिन्यावरून आमची मुलगी म्हणाली, "बाबा, आई पिनरला गेली तरी विंडोमध्येच उभी राहणार. फक्त व्ह्यू चेंज होईल."

त्याआधीच्या रविवारी आम्ही पिनरला मैत्रिणीकडे जाऊन आलो होतो. बैठकीच्या खोलीत मराठीचा नुसता गजबजाट होता. ज्या आवाजासाठी मी इथे रेडिओ लावून ठेवते तो सगळा एका सोफ्यावर बसला होता. आणि मला बसवेना. मी उठून तिच्या बागेत गेले आणि विचारले, "इथलं पाणी कुठे जातं गं?"

"कुठे जाणार? ड्रेनमध्ये. कौन्सिल बघते." मग ती हसून म्हणाली, "संध्याकाळपासून चर, बांध आणि पंप. तू पक्की शेतकरीण झालीयेस. त्यापेक्षा साबुदाण्याच्या पापड्या घाल ना आमच्याही. आमच्याकडे ऊन येत नाही, आणि शेजारी कुंपणावरून बघतात. तुझ्याकडे तर अख्खं आकाश आहे."

म्हणून शनिवारी सकाळी मी पापड्या घालायला घेतल्या. पूर्वेचा कोरडा, खडखडीत वारा सुटला होता, आकाश घासल्यासारखे लखलखत होते. वाळवणाला याहून चांगला दिवस या देशात मिळत नाही. जिरे, मीठ, हिरवी मिरची घालून शिजवलेला साबुदाणा मी पळीपळीने प्लास्टिकवर पसरत गेले. अंगणातली दोन टेबले ओल्या, पारदर्शक चकत्यांनी भरून गेली.

चरापलीकडची शेतकरीण आपले नुकतेच पेरलेले बीटाचे शेत पाहायला आली होती. सत्तरीची, विधवा, अंगाने काटक. पहिल्या भेटीपासून ती मला 'डक' म्हणते. इकडे बदकाचे नाव घेऊन माया करतात. तिने माझी टेबले पाहिली, मग वर पाहिले.

"मी ते आत घेतलं असतं, डक."

"आज पाऊस नाहीये," मी म्हणाले.

"पाऊस असता तर काय हवं होतं." आणि ती गेली.

दुपारी क्षितिज जाड झाले. आधी वाटले ढग आहे, पण तो जमिनीतूनच उठत होता. पेरणीसाठी रांगोळीसारखी बारीक केलेली ती माती, वाळून हलकी झालेली, एकाएकी उभी राहिली आणि चालू लागली. चहाच्या रंगाचा अंधार झाला. सुपात धान्य घोळावे तसा आवाज भिंतींवर येऊ लागला. रस्त्यावरच्या गाड्यांनी भरदुपारी दिवे लावले. मी एक टेबल ओढले, ते दारात अडकले. माझ्या डोळ्यांत, दातांत, केसांच्या मुळांत माती गेली. तिची चव कडू होती, फार दिवस भिजत राहिलेल्या पानांची. इथले लोक या वाऱ्याला नुसते 'ब्लो' म्हणतात. जो वारा मला वाळवणाचा वाटला, त्याच्याच भीतीने त्या सकाळी सगळा परगणा आकाशाकडे पाहत होता.

वारा उतरल्यावर शेतकरीण दारात आली. चेहरा काळा, डोळ्यांभोवती तेवढी गोरी वर्तुळे.

"माझं शेत तुझ्याकडे आलंय म्हणे. न्यायला आलेय."

मी तिला टेबलाकडे नेले. पांढऱ्या पापड्यांवर काळी मऊ साय धरली होती. तिने बोट फिरवले.

"छान झालीय जमीन. एकेकीत एकेक बी लाव."

मला हसू आले आणि लगेच घशात माती आली. तिचे बीही मातीबरोबर उडून चरात पडले होते. मंगळवारी ती पुन्हा पेरणार होती.

"आणि पुन्हा उडालं तर?"

"तर पुन्हा. आजोबांच्या वेळी माती कमरेइतकी खोल होती. आता नांगराला खालची चिकणमाती लागते. माझ्यानंतर इथे बीट व्हायचं नाही." हे तिने हवामान सांगावे तसे सांगितले. "तू चालली आहेस ना? दवाखान्यात ऐकलं. कुठे?"

"पिनरला. लंडनजवळ."

"तिकडे सगळी चिकणमाती." तिने नाक मुरडले. "जागची हलत नाही ती. तुला नाही जमायचं, डक. तू तर माझ्या शेताहून वाईट आहेस."

मी चिडले. ती गेल्यावर बराच वेळ चिडलेली होते. इतकी वर्षे मी माझ्या अस्वस्थतेचा सगळा दोष या जमिनीला दिला होता, तिच्या सपाटपणाला, डोंगर नसण्याला. आणि ती जमीन तर माझ्यासारखीच जागची उठून, दार ठोठावून, अंगणात येऊन पडली होती.

रविवारी चादरी धुतल्या. तीनदा धुऊनही पाणी काळेच निघत होते. ते मोरीतून चरात जाणार, चरातून मोठ्या कालव्यात, तिथून पंप ते नदीत उचलणार आणि नदी समुद्राला देणार. हा रस्ता मला तोंडपाठ होता. बागेत उभी राहून मैत्रिणीला जे विचारले होते, त्याचे असे उत्तर तिला कधीच माहीत असणार नव्हते.

"काय कळवू?" नवऱ्याने विचारले.

"नाही म्हणून कळव."

"नक्की? विचार केलास?"

"जास्त विचारू नकोस. बदलेन."

मुलगी म्हणाली, "टोल्ड यू," आणि टोस्ट घेऊन वर गेली.

संध्याकाळी मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "ठीक आहे. आणि पापड्या?"

"त्यांच्यावर शेजारणीचं शेत पडलं."

"काय पडलं?"

"परत घालीन. एक पाऊस पडून जाऊ दे, तिचं बी धरू दे."

मंगळवारी पलीकडे ट्रॅक्टर फिरत होता. मी खिडकीत होते. वारा पूर्ण पडला होता, चरातले पाणी हलत नव्हते, आणि मला बसवत नव्हते. वारा कुठून येतोय ते पाहायला बोट ओले करून मी बाहेर धरले, मग दार उघडून अंगणात गेले, तिथून बांधावर.